शाळेच्या दारावरचा दगड

दगड आला तेव्हा यांगजी अंगणात बसून छुर्पीचे, याकाच्या दुधाच्या कडक पनीराचे, तुकडे दोऱ्यात ओवत होती. खालच्या पायवाटेनं आधी फिंजो काकांची खोकल्याची ढास वर आली, मग ते स्वतः, आणि त्यांच्या मागून कपाळाला पट्टा लावून वाकलेला पाणचक्कीवाला. त्याच्या पाठीवर पाट्याएवढी काळी शिळा होती.

"कुठं ठेवू?" फिंजो काकांनी विचारलं. उचलून आणलेला दगड जणू त्यांच्याच पाठीवर होता.

"काय आहे?"

"शाळेच्या दारावर बसवायचा आहे. ग्याल्बू म्हणाला, पाहुणे येईपर्यंत तुझ्या अंगणात राहू दे. उतरणार तर तुझ्याकडंच."

"ठेवा तिथं. मुळ्याच्या वाफ्यात तेवढा नको."

पाणचक्कीवाल्यानं दगड हळूच उतरवला आणि कंबर धरून बराच वेळ तसाच उभा राहिला. दगडावर अक्षरं कोरलेली होती. मंत्र कोरलेल्या मणी-भिंतीवर असतात तसली नव्हती, परक्या लिपीतली होती. फिंजो काका सगळं आयुष्य मंत्र कोरत आले होते. 'ॐ मणि पद्मे' त्यांचा हात झोपेतही कोरील, असं गावात म्हणत. ही अक्षरं मात्र शाळा समितीच्या ग्याल्बूनं कागदावर काढून दिली होती आणि काकांनी ती चित्र उतरवावं तशी उतरवली होती.

"उलटी तर नाही ना पडली?" त्यांनी यांगजीला विचारलं.

"मला काय विचारता काका? मला सरळीसुद्धा वाचता येत नाहीत."

"अळ्या वळवळल्यासारख्या आहेत नुसत्या. या पाहुण्यांच्या देवाला वाचता येतात म्हणजे कमाल आहे."

यांगजीनं दोघांना लोणी-मिठाचा चहा दिला. ते गेल्यावर तिनं दगडाकडं पाहिलं. ऊन त्याच्यावर नीट पडत होतं. दुसऱ्या दिवशी तिनं फडकं अंथरून त्याच्यावर छुर्पी वाळत घातली, तिसऱ्या दिवशी मिरच्या. दगड तापला की दोन्ही लवकर वाळत. पाहुण्यांच्या मंडळाचं नाव असेल, एवढंच तिच्या मनात आलं, आणि तेही फार वेळ टिकलं नाही. हल्ली तिच्या मनात काहीच फार वेळ टिकत नसे.

मागच्या कार्तिकात तिचा थोरला मुलगा खिंडीत गेला तो परत आलाच नव्हता. याच पाहुण्यांचा वाटाड्या म्हणून तो निघाला होता. ते दर वर्षी यायचे, आधी डोंगर चढायचे आणि परतताना इथं खार्थुंग गावात मुक्काम करून शाळेचं काम करायचे. भिंती त्यांनी उभ्या केल्या होत्या, एका खोलीवर पत्रा घातला होता. बातमी आली तेव्हा यांगजी याकांच्या गोठ्यात होती. तिनं शेणाचं टोपलं खाली ठेवलं, हात धुतले, आणि पुढं काय करायचं असतं ते केलं. लामांनी सांगितलं होतं, रडू नको. आईच्या डोळ्यांतलं पाणी त्याच्या वाटेवर गारा होऊन पडतं. ती रडली नाही. लामांनी सांगितलं, कपडे देऊन टाक. तिनं दिले. फोटो जाळ. तिनं जाळले. एकोणपन्नासाव्या दिवशी सगळे विधी झाल्यावर लामा म्हणाले, आता याचं नाव घ्यायचं नाही. त्याला आता कुठंतरी जन्म घ्यायचा आहे. नाव ऐकलं की तो वळून बघतो, आणि वळून बघणाऱ्याला पुढची वाट सापडत नाही.

हे काही नवं नव्हतं. खार्थुंगमध्ये गेलेल्याचं नाव कुणीच घेत नाही. अडचण होते ती जिवंतांची. जन्मवारावरून नावं ठेवायची म्हटल्यावर त्याच वारी जन्मलेले, म्हणून त्याच नावाचे, आणखी दोघं गावात होतेच. एकाला लामांनी दुसरं नाव दिलं. दुसरा तेव्हापासून नुसता पाणचक्कीवाला झाला. "बायको तर मला शिट्टीच मारते," असं तो सांगे. "याकसुद्धा माझ्याकडं बघून हसतो." लोक हसत. यांगजीही हसण्याच्या जागी हसे. आपलं तोंड कुठं हसायचं ते आपोआप ओळखतं, याचं तिला वाटलंच तर थोडं नवल वाटे.

एवढं सगळं सांगितल्याप्रमाणे केल्यावर तिला रडू येणंच बंद झालं होतं. लामांनी आता रडायला परवानगी दिली असती तरी ते कुठून आणायचं हा प्रश्नच होता. जेवण गोड लागत नव्हतं आणि कडूही लागत नव्हतं. पहाटे उठून चूल पेटवायची, वाटसरूंना बटाटे उकडून द्यायचे, दूध काढायचं. एकच गोष्ट ती मनात धरून होती. तो गेला असेल. नीट, पुढं, मागं न बघता. आपण सगळं बरोबर केलं आहे.

शुक्रवारी तिची मुलगी डिकी आली. ती शाळेत शिकवत असे आणि नवऱ्याबरोबर वरच्या वस्तीत राहत असे. अंगणात शिरताच ती मिरच्यांतली एक उचलायला वाकली आणि तशीच थांबली. तिनं फडक्याचं टोक उचललं.

"आमा, हे कुणी आणलं?"

"फिंजो काकांनी. शाळेवर बसवायचा आहे. मिरच्या काढू का? वाळल्या असतील."

"तुला माहीत आहे काय लिहिलंय?"

"मंडळाचं नाव असेल."

डिकीनं फडकं पुन्हा अक्षरांवर ओढलं, मिरच्यांसकट, झोपलेल्यावर पांघरूण ओढावं तसं.

"काय लिहिलंय?" यांगजीनं विचारलं.

"थोरल्याचं," डिकी म्हणाली. "त्याचं नाव. शाळेला त्याचं नाव देणार आहेत."

यांगजीनं मान हलवली. पाऊस येणार म्हटल्यावर हलवावी तशी. मग ती आत गेली, दूध उतू जाईल म्हणून. दूध चुलीवर नव्हतंच. ती तिथं उभी राहिली. शाळेत चाळीस पोरं. रोज सकाळी रांगेत उभी राहून शाळेचं नाव घेऊन गाणं म्हणणार. घरी कुणी विचारलं, कुठं जातोस, तर त्याचं नाव सांगणार. रोज. सगळ्या उतारावरून त्याला हाका.

तिला भीती वाटायला हवी होती. ती थोडा वेळ वाट बघत राहिली. भीती आली नाही. पण पाय ग्याल्बूच्या घराकडं निघाले.

ग्याल्बू शाळेच्या समितीचा अध्यक्ष होता. पाहुणे उद्या येणार म्हणून तो दाढी करत होता. अर्ध्या गालाला साबण होता.

"ग्याल्बू दादा," डिकीनं सरळ विचारलं, "तुम्ही त्यांना हो म्हणालात?"

त्यानं वस्तरा खाली ठेवला. "मी कुठं हो म्हणालो? त्यांनी विचारलं, चालेल ना? मी हसलो."

"म्हणजे हो म्हणालात."

"पाहुण्याला नाही कसं म्हणायचं गं? एवढ्या लांबून येतात. दुसऱ्या खोलीवर अजून पत्रा यायचा आहे." तो यांगजीकडं न बघता बोलत होता. "मला वाटलं, लामा सांगतील. लामांचं ऐकतात ते."

"लामांना विचारलंत?"

"विचारलं की. ते म्हणाले, त्यांना वाटलं डिकी सांगेल. तिला त्यांची भाषा येते."

"मला तर कुणी सांगितलंच नाही."

"बघ," ग्याल्बू म्हणाला, जणू त्यानं काहीतरी सिद्ध केलं होतं. "आणि काकांना मी मुद्दाम सांगितलं नाही काय कोरतोय ते. सांगितलं असतं तर त्यांनी छिन्नीला हात लावला नसता, आणि मग त्यांनाही पाहुण्यांना तोंडावर नाही म्हणावं लागलं असतं. म्हातारा माणूस. कशाला?"

यांगजी उंबऱ्यात उभी होती. तिला यात कुणाचा राग आला नाही. तिनंही असंच केलं असतं. गेल्या वर्षी ही माणसं तिच्यासमोर रडत बसली होती तेव्हा तीही हसलीच होती आणि आणखी बटाटे आणले होते.

"मी सांगते," ती म्हणाली.

"तू?" ग्याल्बूच्या गालावरचा साबण वाळला होता. "तू नको वहिनी. तुला नाही जमायचं. आपण असं करू, दगड राहू दे अंगणातच. जड आहे, उचलत नाही, असं सांगू."

"पाणचक्कीवाल्यानं एकट्यानं आणला," डिकी म्हणाली.

"मग तो आजारी पडला असं सांगू."

दुसऱ्या दिवशी दुपारी पाहुणे आले. खाली वळणावर टोप्या दिसल्या तसा गाव वेशीच्या कमानीपाशी जमला. प्रत्येकाच्या हातात पाहुण्यांच्या गळ्यात घालायला खाता होती, पांढरं मानाचं उपरणं. पाणचक्कीवाला आजारी वगैरे काही नव्हता. तो सगळ्यांत पुढं होता. पाहुण्यांची म्होरकी आलेंका नावाची बाई होती, कुठल्याशा लहान डोंगराळ देशातली, उंच, पन्नाशीला टेकलेली. तिला जी काही नेपाळी येत होती ती थोरल्यानं चालता चालता शिकवलेली होती. त्यानं गंमत म्हणून तिला सगळ्यांना 'तू' म्हणायला शिकवलं होतं, लामांनासुद्धा, आणि हे तिला अजून कुणी सांगितलं नव्हतं.

तिनं यांगजीला मिठी मारली. मग मागं सरून, डोळे भरून, तिनं त्याचं नाव घेतलं. मोठ्यानं. "मी त्याच्यासाठी आले," असं काहीतरी ती म्हणाली.

"हं?" पाणचक्कीवाला म्हणाला.

वर्षभर कुणी त्याला त्या नावानं हाक मारली नव्हती. सवयीनं ओ गेली. मग त्यानं तोंडावर हात घेतला. खांद्यावरचं ओझं उतरवणारे हमाल अर्धवट वाकलेले राहिले. ग्याल्बू हसला, कारण पाहुणे बघत होते, आणि मग तो हसल्यामुळे आणखी दोघं हसले. आलेंकालाही हसू आलं. आपण काय केलं ते तिला कळलं नाही.

यांगजीनं तिच्या गळ्यात खाता घातली. "चल," ती म्हणाली. "चहा पी."

आलेंका स्वयंपाकघरात आली. चुलीजवळच्या बाकावर बसली, जिथं ती दर वर्षी बसे. बाकीचे बाहेर बूट काढत होते. डिकी दाराशी थांबली, भाषा अडली तर मदतीला.

"दगड पाहिला?" आलेंकानं विचारलं. "सुंदर आहे. उद्या लावू."

"नाही लावायचा," यांगजी म्हणाली.

आयुष्यात पहिल्यांदाच तिनं पाहुण्याला हा शब्द ऐकवला असावा. तो काही जड नव्हता. चहा ओतताना म्हटला गेला.

"का?"

"आम्ही गेलेल्याचं नाव घेत नाही. घेतलं की तो मागं बघतो. जात नाही."

आलेंका डिकीकडं पाहू लागली. डिकीनं तेच पुन्हा त्यांच्या भाषेत सांगितलं, जरा लांबवून. आलेंका ऐकत होती आणि तिचे हात पेल्याभोवती घट्ट होत होते.

"मला कुणी नाही सांगितलं," ती म्हणाली. "मी ग्याल्बूला विचारलं. तो हसला."

"तो नेहमी हसतो."

"आमच्याकडं उलटं आहे. नाव नाही घेतलं तर माणूस दुसऱ्यांदा मरतो. मी..." तिनं शब्द शोधला. "मी रोज घेते. सकाळी उठते, खिडकी उघडते, त्याचं नाव घेते. रोज. माझ्यामुळे तो परत गेला ना. माझा हातमोजा राहिला खिंडीत. मी जा म्हटलं नाही. तोच म्हणाला, बोटं जातील तुझी, थांब. मी थांबले. म्हणून मी रोज बोलावते."

बाहेर कुणीतरी हसलं. चुलीत ओलं लाकूड होतं, ते सूं सूं करत होतं. यांगजीनं ते आत सरकवलं.

म्हणजे कपडे दिले, फोटो जाळले, गावानं दोन जिवंत माणसांची नावं मोडली, ती रडली नाही. आणि कुठंतरी, समुद्रापलीकडं, एक बाई रोज खिडकी उघडून त्याला हाक मारत होती. सगळं फुकट गेलं असावं. यांगजीनं हे मनात दोनदा म्हणून पाहिलं. राग यायला हवा होता. आता तरी. आला नाही. त्याच्या जागी भलताच प्रश्न आला, आणि तो विचारू नये हे कळायच्या आत तिनं विचारला.

"ओ देतो का?"

आलेंकाला कळलं नाही. डिकी दारातून म्हणाली, "आमा."

"विचार तिला. हाक मारली की तो ओ देतो का?"

डिकीनं विचारलं. आलेंकानं चुलीकडं पाहिलं. तिला हो म्हणता आलं असतं. यांगजीला ते चाललं असतं की नसतं, हे यांगजीलाही सांगता आलं नसतं.

"नाही," आलेंका म्हणाली. "कधीच नाही."

"काहीच ऐकू येत नाही?"

"नाही. गाड्या ऐकू येतात."

यांगजीनं मान हलवली. म्हणजे तो लांब गेला होता. एवढ्या हाकांना ओ दिली नाही, म्हणजे गेला, नीट गेला. चांगलंच होतं ते. तिनं पेला भरला, आलेंकाचा आधीच भरलेला होता, चहा काठावरून सांडला आणि बाकावरून खाली गेला. दोघी तो गळताना बघत राहिल्या.

"मग मी काय करू?" आलेंकानं विचारलं. आता ती रडत होती, तोंडानं आवाज न करता. यांगजी तिच्याकडं पाहत होती. हिला कसं येतं, असं तिला वाटलं.

"काका अक्षरं काढून टाकतील," ती म्हणाली. "तू हो म्हण फक्त. तू हो म्हटल्याशिवाय ग्याल्बू काही करायचा नाही."

आलेंकानं डोळे पुसले आणि मान हलवली. पण ती लगेच उठली नाही. "त्याला कळेल का, मी विसरले असं वाटेल का त्याला?"

"वाटलं पाहिजे," यांगजी म्हणाली.

सकाळी फिंजो काका छिन्नी-हातोडा घेऊन आले. डिकीनं त्यांना काय कोरलं होतं ते सांगितलं होतं. ते दगडापाशी बसले आणि आधी त्यांनी दोन्ही हात कपाळाला लावले. ग्याल्बूकडं त्यांनी पाहिलं नाही. ग्याल्बू कुंपणाशी उभा होता, चेहरा गुळगुळीत करून. "दुसऱ्या खोलीचा पत्रा येणार आहे," तो कुणालाही न विचारता सांगत होता. "काही अडचण नाही म्हणाल्या. बघा, बोललं की होतं."

"मग तूच का नाही बोललास?" काका म्हणाले.

"मी बोललोच की. हसलो होतो, थोडा कमी."

मिरच्या डिकीनं काढून घेतल्या होत्या. यांगजी झाडू घेऊन उभी राहिली, चुरा उडेल तो लगेच गोळा करायला. त्याच्यावर कुणाचा पाय पडायला नको होता. आलेंका डोक्यावरची टोपी काढून आली. बाकीचे पाहुणे मागं थांबले.

"एकदा म्हणू?" तिनं यांगजीला विचारलं. "शेवटचं. मग घरी पण नाही. खिडकी पण नाही."

ग्याल्बूनं लामांच्या घराकडं पाहिलं. काकांनी छिन्नी उचलून पुन्हा खाली ठेवली. डिकी आईकडं बघत होती.

"म्हण," यांगजी म्हणाली. "पण हळू."

आलेंका वाकली आणि दगडाजवळ तोंड नेऊन तिनं त्याचं नाव घेतलं. काल कमानीपाशी गडबडीत लक्षात आलं नव्हतं, पण ते चुकीचं होतं. मधलं अक्षर ती लांबवत होती आणि शेवटचं गिळत होती. सगळं वर्षभर ती असंच म्हणत आली असणार. रोज, खिडकीत, चुकीचं. समोर उभ्या पाणचक्कीवाल्याला ते समजलं, एवढ्या लांबून याला कुणी ओ कशाला देईल. स्वतःची हाक आहे हेच त्याला कळलं नसेल.

"असं नाही," यांगजी म्हणाली.

आलेंकानं वर पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. यांगजीचं तोंड उघडं होतं. बरोबर नाव तिच्या जिभेवर आलं होतं, आखूड, जसं अंगणातून वरच्या कुरणाकडं फेकायचं असतं तसं, शेवटी चढं. वर्षभर ते कुठं होतं कुणास ठाऊक. ते आता दातांमागं होतं आणि त्याला वजन होतं. ते सोडलं असतं तर वर कुठं तरी, कितीही लांब, कुणीतरी नक्की मान वळवली असती. याबद्दल तिला जराही शंका नव्हती.

तिनं तोंड मिटलं.

"तसंच," ती म्हणाली. "तू म्हणालीस तसंच. बरोबर आहे."

मग ती काकांना म्हणाली, "करा सुरू."

काकांनी पहिल्या अक्षरावर छिन्नी टेकवली. दगडाचा आवाज कोरडा होता, समोरच्या उतारावरून तो परत येत होता. आलेंका दोन्ही हात खिशात घालून उभी राहिली. यांगजी प्रत्येक घावानंतर वाकून चुरा झाडूनं सुपात घेत होती. जिभेला काहीतरी झालं होतं, चटका बसल्यासारखं. ती दातांवरून फिरवून पाहत होती.

"यांगजी," तिसऱ्या अक्षरापाशी काका थांबले. "याच्या जागी 'ॐ मणि'चा मंत्र कोरू?"

"कोरा."

"जागा खोलगट राहील. पाणी साचेल."

"साचू दे," ती म्हणाली, आणि सूप घेऊन ओढ्याकडं निघाली.